दऱ्या, दर्या आणि एका ओळीचा पॅच

[दृश्य: सकाळची ठाणे–वाशी लोकल. ऐरोलीला गर्दी उतरते.]

ऐरोली, रबाळे, घणसोली. इथे उतरणाऱ्या लॅपटॉपच्या बॅगांमध्ये ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही वाचता-बदलता येणारा, कोड नसलेली बॅग सापडणं कठीण. त्या कोडमध्ये कुणी भर घातली की ती घ्यायची कशी आणि जपायची कशी, हे एका छोट्या पॅचवरून, म्हणजे कोडमधल्या दुरुस्तीवरून, पाहू.

[दृश्य: पडद्यावर ‘दऱ्या’ हा शब्द, मोठ्या अक्षरात.]

दऱ्या. डोंगरातल्या. संगणकात हा शब्द दोन प्रकारे साठवता येतो. एक, ‘ऱ’चा पाय मोडून. दुसरा, साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह टाकून. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच. शोध घेणाऱ्या प्रोग्रॅमला ते दोन वेगळे शब्द. एक टाइप केला तर दुसरा सापडत नाही.

यावर हमखास सुचणारा उपाय म्हणजे अदृश्य चिन्हं पुसून टाकणं. मग ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. सह्याद्रीतून थेट समुद्रात!

बरोबर पॅच एका ओळीचा आहे: दुसरं रूप दिसलं की त्याजागी पहिलं ठेवायचं. अक्षरं मात्र युनिकोड क्रमांकांनी (प्रत्येक अक्षराला संगणकात ठरवून दिलेल्या क्रमांकांनी) लिहायची, नाहीतर तपासणाऱ्याला जुन्या-नव्या ओळीत फरकच दिसणार नाही. सोबत दोन चाचण्या हव्यात. दोन्ही ‘दऱ्या’ एकमेकांना सापडतात का, आणि ‘दर्या’ दर्याच राहतो का.

आता कमिटचा मजकूर. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्रॅम, आणि त्यातली बदलाची एक नोंद म्हणजे कमिट. पहिली ओळ साधारण ५० अक्षरांची, मग एक ओळ रिकामी, मग कारण. ‘अमुक क्रमांकाची तक्रार पाहा’ एवढंच लिहून भागत नाही, कारण तक्रारी आणि चर्चा गिटमध्ये नसतात, त्या संकेतस्थळाच्या डेटाबेसमध्ये असतात. कोड ठेवायची स्थळंही जातात: गूगल कोड २०१६ मध्ये बंद झालं, गिटोरियस त्याच्या आदल्या वर्षी. स्थळ गेलं की क्रमांक निराधार.

शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’. लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) प्रकल्पाने २००४ मध्ये आणलेली ही सही कोड बिनचूक असल्याची हमी देत नाही. हा कोड देण्याचा मला हक्क आहे, एवढंच ती सांगते.

पॅच घेताना लेखकाचं नावही हरवू शकतं. गिट लेखक आणि कमिट करणारा अशा दोन नोंदी ठेवतं. ‘गिट एएम’ या आज्ञेने पॅच लावला तर लेखक टिकतो. तोच बदल हाताने चिकटवून कमिट केला तर लेखक म्हणून प्रकल्प सांभाळणाऱ्याचंच नाव लागतं. अनेकांचे कमिट दाबून एक केले, तर बाकीच्यांसाठी ‘को-ऑथर्ड-बाय’च्या (सहलेखकांच्या नावांच्या) ओळी राहिल्यात ना, हे मर्ज करण्याआधी, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळण्याआधी, बघावं.

[दृश्य: महापे, कार्यालयातला सर्व्हर.]

जपणुकीसाठी बहुतेक जण मिरर क्लोन, म्हणजे इतिहासासकट हुबेहूब प्रत, करतात. नावाप्रमाणेच तो आरसा आहे. मूळ ठिकाणी कुणी फोर्स-पुश केलं, म्हणजे जुन्या इतिहासावर जबरदस्तीने नवा चढवला, की पुढच्या अपडेटला इथलाही इतिहास बदलतो, आणि सुटे पडलेले कमिट गिटची साफसफाई साधारण दोन आठवड्यांनी उचलते. म्हणून दरमहा ‘गिट बंडल’ने सगळ्या शाखा आणि टॅग एका फाइलमध्ये बांधायचे, नावात तारीख घालायची, जुनी फाइल पुसायची नाही. एलएफएसमधल्या (गिटबाहेर वेगळ्या ठेवलेल्या) मोठ्या फाइली बंडलमध्ये येत नाहीत, त्या वेगळ्या उतरवायच्या. तक्रारी आणि चर्चांचंही तेच. एक प्रत महाप्यात, दुसरी ठाण्यात. दोन्ही एकाच तळमजल्यावर का नकोत, हे २६ जुलै पाहिलेल्यांना सांगायला नको.

सार्वजनिक प्रकल्प असेल तर सॉफ्टवेअर हेरिटेजकडेही नोंदवावा. इन्रिया या फ्रेंच संस्थेने २०१६ मध्ये जाहीर केलेलं हे संग्रहालय कमिटच्या इतिहासासकट कोड ठेवतं. गिटहब या कोडच्या संकेतस्थळाने नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या खाणीत ठेवलेल्या फिल्मचा बोलबाला जास्त: २ फेब्रुवारी २०२० ची प्रत, २१ टेराबाइट, १८६ रिळं. पण तिच्यात प्रत्येक प्रकल्पाची त्या दिवशीची अवस्थाच आहे, इतिहास नाही. आपल्या पॅचची ओळ तिथे गेली असती. ‘दर्या’चं कारण मागेच राहिलं असतं.

[दृश्य: रिकामं फोल्डर, टर्मिनल.]

जपलेलं खरंच उघडतं का, हेही पाहायचं. बंडल रिकाम्या फोल्डरमध्ये क्लोन करायचं. काही बिघडलं नाही ना हे तपासणारं ‘गिट एफएससीके’ चालवायचं. मग पॅचच्या त्या ओळीवर, ती कुणी आणली हे सांगणारं ‘गिट ब्लेम’: लेखक, तारीख, कमिट. कमिट उघडलं, की कारण.