काही सापडलं का?

(किल्ल्यांवर श्रमदान करणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर पुण्यात दिलेलं व्याख्यान, थोडी काटछाट करून)

ओळख करून देताना आत्ता मला ‘पुरातत्त्वज्ञ’ म्हटलं गेलं. ते आधी दुरुस्त करते, नाहीतर पुढचा पाऊण तास त्या शब्दाच्या ओझ्याखाली बोलावं लागेल. मी फार्मसिस्ट आहे. इंग्लंडच्या उत्तरेला न्यूकॅसलमध्ये राहते, दिवसभर लोकांना गोळ्या कधी घ्यायच्या ते समजावते. गेली सहा वर्षं उन्हाळ्यातली दोन आठवड्यांची रजा मी चिखलात गुडघे टेकून घालवते आणि त्याचे पैसे देते. घेत नाही हं, देते. (हशा) माझ्या आईला हे अजून पटलेलं नाही. ती म्हणते, पैसे देऊन माती उपसायची होती तर आपल्या शेतावर यायचं, मी फुकटात उपसू दिली असती.

तर ती माती कुठली, ते सांगते. रोमन साम्राज्याची उत्तरेकडची वेस म्हणजे हेड्रियनची भिंत. सम्राट हेड्रियनने इ.स. 122 मध्ये ती बांधायला घेतली. पूर्वेला टाइन नदी, पश्चिमेला सोलवेची खाडी, मधलं अंतर साधारण 117 किलोमीटर. आपल्याकडे कोणी ‘भिंत’ म्हणालं की कोणालाही आत न सोडणारं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. इथे मात्र दर रोमन मैलाला दरवाजा असलेली चौकी होती. ये-जा चालायची, पण त्यांच्या नजरेखालून. या भिंतीपासून दीडेक किलोमीटर दक्षिणेला विंडोलांडा नावाचा लष्करी तळ आहे. तो वयाने भिंतीपेक्षा थोरला, इ.स. 85 च्या सुमाराचा. मी जाते ती तिथे.

तिथे किल्ला एक नाही, निदान नऊ आहेत, उतरंडीसारखे एकावर एक रचलेले. सुरुवातीचे सगळे लाकडी. एका पलटणीची बदली झाली की नवी पलटण यायची. ती जुनी लाकडं पाडायची, वर चिकणमाती आणि गवताची ढेकळं दाबून बसवायची आणि त्यावर आपला किल्ला उभा करायची. खाली दबलं त्याला हवाच मिळाली नाही. लोणच्यावर तेल तरंगत असेतोवर फोडींना बुरशी येत नाही ना, तसंच. त्यामुळे चामडं, लाकूड, कापड, एरवी पाचपन्नास वर्षांत मातीला मिळणाऱ्या वस्तू, तिथे एकोणीसशे वर्षं टिकल्या. एकट्या चपला-बूटच पाच हजारांहून जास्त निघालेत. मुष्टियुद्धाचे चामडी हातमोजे निघाले. 2014 मध्ये तर लाकडी कमोडची बैठक निघाली, आणि ती बघायला संग्रहालयात जी गर्दी होते ती संगमरवरी पुतळ्यालाही होणार नाही.

पण विंडोलांडाची खरी श्रीमंती वेगळीच. मार्च 1973 मध्ये तिथे उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली यांना चरात लाकडाचे दोन पातळ पापुद्रे एकमेकांना चिकटलेले सापडले. रंधा मारल्यावर पडतात तसल्या छिलप्या वाटाव्यात असे. वेगळे केले तर आत शाईची अक्षरं! आणि हवा लागताच ती पुसट होत चालली. न्यूकॅसलच्या विद्यापीठात इन्फ्रारेड फोटो काढले तेव्हा कुठे ती पुन्हा दिसली. मजकूर काय होता? कोणीतरी तिथल्या एकाला घरून सामान पाठवलं होतं: मोजे, सपातांचे दोन जोड, आतल्या चड्ड्या दोन. तिथली थंडी मी अनुभवली आहे, त्यामुळे मोज्यांचं महत्त्व मला कोणी समजावून सांगायला नको. तेव्हापासून अशा लाकडी पाट्या दीड हजारांहून जास्त मिळाल्या. एका अधिकाऱ्याच्या बायकोने दुसऱ्या अधिकाऱ्याच्या बायकोला वाढदिवसाला ये म्हणून लिहिलंय, तारीख 11 सप्टेंबर. चिठ्ठी लेखनिकाकडून लिहून घेतली आहे, पण शेवटी चार ओळी तिने स्वतःच्या हाताने लिहिल्यात. बाईच्या हातचं लॅटिन म्हणून जे आज उपलब्ध आहे, त्यातल्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्या ओळी मोजतात.

आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याची पाटी मात्र दुसरी. ती आहे हजेरीची. तळावरच्या तुंग्रियन नावाच्या पलटणीचे पटावर 752 जण. त्यांतले 456 बाहेर कामगिरीवर. तळावर 296. त्यांतले 31 निकामी: 15 आजारी, 6 जखमी आणि 10 जणांचे डोळे आलेले. म्हणजे खरोखर कामाला उभे राहतील असे 265. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘येतो’ म्हणणारे किती आणि रविवारी पहाटे पायथ्याशी प्रत्यक्ष किती, हा हिशोब ज्यांनी ज्यांनी केलाय त्यांनी मनाला लावून घेऊ नये. रोमन सैन्याचंही असंच होतं. (हशा)

आता मुद्द्यावर येते. रॉबिन यांचे वडील एरिक बर्ली यांनी 1929 मध्ये तिथलं चेस्टरहोम नावाचं घर आणि भोवतालची जमीन विकत घेतली होती. आज त्या घरात संग्रहालय आहे. 1970 मध्ये विश्वस्त संस्था झाली. तिला सरकारकडून दरवर्षीचं ठरलेलं अनुदान नाही. तिकिटं, पुस्तकांचं दुकान, कॅन्टीन, देणग्या आणि आमच्यासारख्यांची फी, यांवर ती चालते. उत्खनन चालू आहे म्हणून लोक बघायला येतात, आणि लोक येतात म्हणून उत्खनन परवडतं. हे चक्र एका जागी अडलं की सगळंच थांबतं. म्हणूनच स्वयंसेवक म्हणजे नुसते खणणारे नव्हेत. पावसात छत्री धरून गटाला फिरवून आणणारे आहेत. ते बहुतेक निवृत्त, आणि त्यांना त्या जागेचा दगड न् दगड पाठ. काही जण खापरं धुतात. एक बादली पाणी आणि दात घासायचा ब्रश, दिवसभर तेवढंच. ‘स्वच्छतागृह कुठे आहे’ हा प्रश्न दिवसात शंभरदा ऐकून शंभराव्यांदाही हसून उत्तर देणं हेही काम आहे, आणि माझ्या मते तेच सगळ्यांत अवघड.

खणायच्या जागांची नोंदणी आदल्या वर्षी होते आणि हां हां म्हणता भरते. पहिल्या सकाळी हातात थापी मिळते, ढकलगाडी मिळते आणि सूचना मिळते: शंका आली की थांबा आणि विचारा. डोक्यावर पगारी पुरातत्त्वज्ञ असतातच. हे मी मुद्दाम सांगते, कारण तिथे सगळं स्वयंसेवकच करतात असा इकडे समज आहे. कुठला थर कुठे संपतो, कुठे खणायचं आणि कुठे हात लावायचा नाही, हे तेच ठरवतात.

माझीच फजिती सांगते. दुसऱ्या वर्षी एक काळपट काडीसारखं लाकूड हाताला लागलं. कंटाळले होते, पाठ दुखत होती, टाकलं बादलीत. तिथे प्रत्येक बादलीवर कोणीतरी नजर टाकतं. त्या दिवशी बादल्या बघणाऱ्या मुलीने, वयाने माझ्या लेकीएवढी असेल, ते उचललं, पाण्यात धरलं, वळवून बघितलं. माझ्या पोटात गोळा. तेवढ्यात माझ्या मनात लंडनपर्यंत बातमी गेली होती: भारतीय बाईने रोमन पत्र कचऱ्यात टाकलं. निघाली ती साधी छिलपी, सुताराने तासलेली. ती काही रागावली नाही. ‘पुढच्या वेळी आधी विचारा’ एवढंच म्हणाली. पण त्यानंतर मी आजतागायत काहीही न विचारता टाकलेलं नाही.

आता आपल्याकडचं बोलते, रागवू नका. जुलै 2025 मध्ये आपले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यातला जिंजी तमिळनाडूतला. हेड्रियनची भिंत त्या यादीत 1987 पासून आहे. यादीत नाव आलं की गर्दी वाढते, आणि गर्दीबरोबर उत्साहही. किल्ल्यावरचं टाकं साफ करतानाचे व्हिडिओ मी तिकडे बसून बघते. ऊर भरून येतो, खोटं कशाला सांगू! आणि त्याच व्हिडिओत तो सगळा गाळ घमेल्या-घमेल्याने दरीत ओतलेला दिसतो. त्या गाळात खापरं असतात, कधी नाणं, कधी काचेच्या बांगडीचा तुकडा. तो थराथराने काढायचा, चाळायचा, कुठून काढला ते लिहायचं. आणि संरक्षित किल्ल्यावर हे काम पुरातत्त्व खात्याची परवानगी आणि त्यांचा माणूस सोबत असल्याशिवाय करायचंच नाही. परवानगीला वेळ लागतो, मान्य आहे. तोवर करण्यासारखं कमी नाही. दर रविवारी दोघांनी दरवाजापाशी उभं राहून येणाऱ्याला किल्ला नीट समजावून सांगायचा, एवढं सहा महिने करून बघा. फोटोत ते काही दिसत नाही, म्हणून कोणी करत नाही.

जाता जाता आपल्याशी जोडलेली एक गोष्ट. विंडोलांडाच्या एका पाटीवर खरेदीची यादी आहे, लोकांची नावं आणि त्यांच्या नावावरची रक्कम. त्यात गॅम्बॅक्स नावाच्या सैनिकापुढे लिहिलंय: मिरी, दोन दिनार. काळी मिरी त्या काळी जायची ती आपल्या मलबारातून, जहाजांनी. केरळातल्या वेलीवरची मिरी साम्राज्याच्या पार टोकाला, ढगाळ टेकडीवरच्या कुणाच्या तरी खिम्यात पडली. मी ते वाचलं त्या रात्री रस्सा जरा झणझणीत केला.

दोरीपलीकडून बघणारे पर्यटक रोज एकच विचारतात: काही सापडलं का? लहान मुलं थेट विचारतात, सोनं मिळालं का. मघाशी चहाच्या वेळी तुमच्यापैकीही तिघांनी विचारलं, म्हणून सांगून टाकते. सहा वर्षांत शेकडो खापरं, बैलांची हाडं, एक गंजलेला खिळा. आणि गेल्या वर्षी एका बुटाचा तळ. डाव्या पायाचा, माझ्या तळहातापेक्षाही लहान, बारीक खिळे जागच्या जागी. लष्करी छावणीत मूल होतं, आणि ते चालायला लागलेलं होतं. मी हाक मारली, तीच बादल्या बघणारी मुलगी आली, ट्रेवर नंबर घातला, पाण्याच्या पिशवीत ठेवून घेऊन गेली. पाऊस सुरू झाला होता. जेवणाच्या सुट्टीला अजून वीस मिनिटं होती, म्हणून मी पुढची बादली भरायला घेतली.