मुकुटाखालचं साल

(सकाळ. अपशिंगे, सैनिकांचं स्मारक.)

सातारा तालुक्यातलं हे अपशिंगे. पंचक्रोशीत याला मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. पहिल्या महायुद्धात इथून गेलेल्या जवानांचं स्मारक गावात उभं आहे. भिंतींवर गणवेशातले फोटो आहेत, ट्रंकांमध्ये पदकं आहेत. पण ज्या रायफलीच्या भरवशावर ही माणसं लढली, ती घरी आणता येत नव्हती. ती सरकारची. पेन्शनीवर निघताना कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, जमा करून यायची.

म्हणून आम्ही मेजरांकडे आलो. सैन्यातून घरी आलेल्या माणसाला साताऱ्यात सरसकट मेजर म्हणतात. हे मूळचे आर्मरर हवालदार. हत्यारं खोलणं, पुसणं, दुरुस्त करणं यात त्यांची नोकरी गेली. त्यांच्याकडे एकही बंदूक नाही. आहेत त्या दोन वह्या.

(एका कॉलेजचं एनसीसी कोत. घोंगडीवर आडवी ठेवलेली रायफल.)

ही ली-एनफिल्ड, आपली थ्री-नॉट-थ्री. १९०७ साली मार्क थ्री मंजूर झाली. दहा गोळ्यांचं मॅगझिन, वजन साधारण चार किलो. ही कवायतीची आहे: गोळी बसते त्या चेंबरला भोक पाडलेलं, अंगावर डीपी, म्हणजे ड्रिल पर्पज, कोरलेलं. कवायत करताना ही खांद्यावर घेतलेले हजारो विद्यार्थी महाराष्ट्रात असतील. तिच्यावर काय कोरलंय, हे त्यातल्या कितींनी पाहिलं असेल?

मेजर चिंदीला तेल लावतात आणि बोल्टच्या, म्हणजे गोळी आत ढकलणाऱ्या दांड्याच्या, मुठीखालची पट्टी हलक्या हाताने पुसतात. काळ्या रंगाखालून आधी मुकुट दिसतो. मग जी आर आय ही तीन अक्षरं. खाली ईशापूर, म्हणजे कोलकात्याजवळचा कारखाना. त्याखाली साल.

"यातला 'आय' बघा," मेजर म्हणतात. "तो इंपरेटरचा, म्हणजे सम्राटाचा. विलायतेत बनलेलीवर नुसतं जी आर, म्हणजे राजा जॉर्ज, असतं. तिकडं तो राजा, इकडं सम्राट."

एका अक्षरात एवढा फरक मावलाय. स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या रायफलींवरचा हा मुकुट गेला आणि तिथे अशोकाची सिंहमुद्रा आली. रायफल तीच, मालक बदलला.

डाव्या बाजूला, लाकडावर, जुन्या मार्क थ्रीला लांब पल्ल्याच्या माऱ्यासाठी एक तबकडी असायची. १९१६ मध्ये ती काढून टाकली, मॅगझिनमधली गोळी वर येऊ न देणारी पट्टी, म्हणजे कट-ऑफ, तीही वगळली. युद्धाला रायफली भराभर हव्या होत्या. नावापुढे एक चांदणी लागली: मार्क थ्री स्टार. चांदणी दिसली की समजायचं, ही रचना घाईच्या दिवसांतली.

आता नंबर. बॉडीवरचा आणि बोल्टच्या मुठीमागचा सारखा असेल, तर जोडी मूळची. या रायफलीचा बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा आहे. कुठल्या वर्कशॉपमध्ये, कुणाच्या हातून ही अदलाबदल झाली, ते आता कळायचं नाही. मेजर दोन्ही नंबर वहीत लिहितात.

सगळ्यात जास्त फसगत टू-ए-वन नावाच्या रायफलीत होते. १९६२ च्या चीन युद्धानंतर ईशापूरने याच बांध्याची रायफल ७.६२ मिलिमीटरच्या गोळीसाठी काढली. लांबून बघणारा तिला बिनधास्त दुसऱ्या महायुद्धातली म्हणतो. मॅगझिन जास्त चौकोनी असतं आणि नेम धरायची साइट ८०० मीटरपर्यंतच. पुढे यातल्या पुष्कळ अमेरिकेत सरप्लस म्हणून विकल्या गेल्या. तिथे शौकीन त्या दुकानातून घेतात.

इथे तसं नाही. शस्त्र कायद्यात थ्री-नॉट-थ्री प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे बंदी असलेल्या नळीच्या मापात, येते. साधा परवाना चालत नाही. आणि जुना वाडा पाडताना माळ्यावर बंदूक सापडलीच, तर बोल्ट ओढून बघू नका. आत गोळी अडकलेली असू शकते. आधी पोलीस ठाण्यात कळवा.

(बटची, म्हणजे रायफलीच्या दस्त्याची, पितळी पट्टी, जवळून.)

एक गोष्ट मात्र आम्ही पुन्हा पुन्हा पाहिली. बटच्या पितळी पट्टीत एक छोटं झाकण असतं. मेजर ते नखाने उघडतात. आत तेलाची बाटली आणि पुलथ्रू, म्हणजे नळी साफ करायची दोरी, ठेवायची पोकळी. आज ती रिकामी आहे. मेजर तिला नाक लावतात.

"तेलाचा वास अजून आहे."

बाहेर कॅडेट रांगेत उभे राहतात. रायफल परत द्यायची वेळ झाली. मेजर चिंदीची घडी घालतात, वहीत आजची तारीख टाकतात, आणि पुढची रायफल घोंगडीवर घ्यायला सांगतात.