बद्द वाजणारा दगड

नमस्कार श्रोतेहो.

आज सुरुवात पाट्यापासून करते. पाटा-वरवंट्यापासून. तुमच्या घरात असेल, नसेल तर आईकडे असेल, आणि तिथेही वापरात नसेल तर गच्चीच्या कोपऱ्यात तुळशीच्या कुंडीखाली टेकू म्हणून तरी असेलच. पाटा वापरून गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावावी लागते, म्हणजे छिन्नीने टोचून पुन्हा खडबडीत करावा लागतो. माझ्या वयाच्या बायकांना हे सांगायला नको. दुपारी गल्लीत हाक यायची, ‘टाकीयेऽऽ, जात्याला टाकी, पाट्याला टाकी!’ माझी आजी, म्हणजे आईची आई, सोलापुरात अशी दारोदार फिरून टाकी लावायची. आजोबा दगडखाणीवर होते. पहार, घण, सुतकी म्हणजे दगड फोडायचा हातोडा, छिन्नी, सगळं घरातच. आई सात-आठ वर्षांची असल्यापासून आजीबरोबर हिंडली. एका जात्याचे ओंजळभर जोंधळे मिळायचे.

हे आधी सांगितलं, कारण आज मी तुम्हाला नेणार आहे एका खाणीत. बंद पडलेल्या, आणि आता संग्रहालय झालेल्या खाणीत. ती आपल्याकडची नाही, ब्रिटनमधल्या वेल्सची आहे. गावाचं नाव लॅनबेरिस. स्नोडन पर्वताच्या पायथ्याशी, तळ्याच्या काठावर. २०१९च्या जूनमध्ये आम्ही गेलो होतो. धाकटा भाऊ मँचेस्टरला असतो, त्याने गाडीतून नेलं. मी आणि आई. आई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होती.

डिनॉर्विक हे खाणीचं नाव. पाटीच्या दगडाची खाण. आपण ज्या पाटीवर अ आ इ गिरवलं ना, तोच दगड. तिकडे त्याची घरावर कौलं घालतात. (लहान मुलांच्या हातात पहिल्या वर्षी पाटीच द्यावी, असं माझं अजूनही ठाम मत आहे. चुकलं की पुसलं, पुन्हा लिहिलं. वहीवरच्या लाल रेघेची भीती त्या वयात कशाला?) एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे तीन हजारांहून जास्त माणसं कामाला होती. समोरचा अख्खा डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला दिसतो. १९६९ साली खाण बंद पडली. आणि १९७२ साली तिथेच, खाणीच्या जुन्या कारखान्यात, संग्रहालय उघडलं. १९६९ला बंद, १९७२ला संग्रहालय. तीन वर्षं, श्रोतेहो. हा आकडा लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

कारखाना १८७० सालचा. मधे मोठं चौकोनी अंगण आणि चारी बाजूंनी दगडी इमारत, एखाद्या गढीसारखी. आत लोहारकाम, ओतकाम, सुतारकाम. खाणीला लागणारं जवळजवळ सगळं तिथेच बनायचं. हत्यारं जागच्या जागी, भिंती अजून काळ्या, तेलाचा वास. आत शिरल्याबरोबर आई म्हणाली, ‘तुझ्या बाच्या अंगाला असाच वास यायचा की गं.’ वडील मिलमध्ये मागावर होते.

तिथे एका शेडमध्ये दगड फोडून दाखवतात. आता खरी गोष्ट.

पंधरा-वीस माणसं बाकांवर बसलेली. समोर साठीचा एक कारागीर, ठेंगण्या बैठकीवर. मांडीशी दगडाचा ठोकळा उभा टेकवलेला. हातात रुंद, पातळ पात्याची छिन्नी आणि लाकडी मोगरी. त्याने छिन्नी ठोकळ्याच्या बरोबर मध्यावर ठेवली, मोगरीने हलकेच दोन ठोके दिले, छिन्नी जराशी वळवली, आणि दगड वहीसारखा उघडला. अर्ध्याचं पुन्हा अर्धं. त्याचं पुन्हा अर्धं. बघता बघता एका ठोकळ्याच्या पातळ पाट्या झाल्या. जोर कुठेच नाही. मग त्याने विचारलं, कुणाला करून बघायचंय? भावाने भाषांतर करायच्या आतच आई उठली होती.

नऊवारीवर भावाचं जाड जॅकेट घातलेलं. ती पुढे गेली, पण छिन्नी घेतली नाही. आधी दगडावरून तळवा फिरवला, सगळ्या कडांवरून, सावकाश. मग मला म्हणाली, ‘ह्याची शीर अशी हाय. आपल्या काळ्या दगडाची धा ठिकाणी शोधावी लागती. ह्याची एकाच अंगानं.’ खाणीतली माणसं दगडाच्या नैसर्गिक फुटण्याच्या रेषेला शीर म्हणतात. मग तिने छिन्नी लावली, ठोका दिला, आणि दगड सुटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पण आईचं लक्ष टाळ्यांकडे नव्हतंच. बाजूला तयार पाट्या ओळीने उभ्या होत्या. तिने वाकून, बोट दुमडून, एकेकीवर टिचकी मारायला सुरुवात केली. ठण. ठण. ठण. चौथी, बद्द. पुन्हा मारली. बद्द. तिने ती पाटी उचलली आणि त्या माणसापुढे धरली. ‘ही बद्द वाजालीय. चिरलीय.’

भावाला ‘बद्द’ला इंग्रजी शब्द सापडेना. पण सांगायची गरजच पडली नाही. कारागिराने पाटी हातात घेतली, दोन बोटांत लोंबती धरली, आपल्या बोटाच्या पेराने वाजवली, कान जवळ नेला. उजेडात तिरकी करून बघितली. कडेला केसाएवढी रेघ होती. मला तर चष्मा लावूनही आधी दिसली नाही. त्याने पाटी बाजूला ठेवली आणि शेजारच्या लोहारशाळेतल्या सोबत्याला हाक मारली. दोघं वेल्श भाषेत बोलले. मग भावाला विचारलं, या बाई कुठल्या खाणीत होत्या?

आई म्हणाली, ‘माठ घेताना बघतोच की आपण.’

तुम्हा-आम्हाला यापेक्षा जास्त सांगायला लागत नाही. मार्चमध्ये कुंभाराकडे माठ घ्यायला गेलो की आधी टिचकी. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर खाली ठेवायचा. पण त्या माणसाला माठ म्हणजे काय, तो पाझरून पाणी गार कसं होतं, हे सांगता सांगता भावाची पाच मिनिटं गेली. त्यावर तो म्हणाला, आमचंही तेच. छपरावर चढवायच्या आधी प्रत्येक पाटी वाजवायची. बद्द वाजली की ती पहिल्या हिवाळ्यातच फुटणार.

मग आई त्याच्याशेजारीच बसली. तिने त्याला आपला डावा अंगठा दाखवला. त्याचं नख मधोमध दुभंगलेलं आहे, लहानपणी टाकीचा घाव चुकून बसला होता तेव्हापासून. त्याने आपली तर्जनी दाखवली, शेवटचं पेर वाकडं. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. दोघं एकमेकांचे हात बघत होते, आणि मी आणि भाऊ दोघांच्या मधे उभे राहून शब्द पुरवत होतो, तेही फारसे लागत नव्हते. माणसं उठून गेली, पुढची तुकडी येऊन बसली, तरी आई तिथेच. चाळीस वर्षं तिने आम्हाला त्या दिवसांबद्दल काही सांगितलं नव्हतं. आजी कुठल्या घरी जायची, उन्हात डोळ्यांत कपच्या कशा उडायच्या, हे सगळं मी पहिल्यांदा ऐकलं ते लॅनबेरिसच्या त्या शेडमध्ये.

आता बाकीचं भराभर सांगते, वेळ थोडा उरलाय.

दगड असा का सुटतो? तो मुळात कोट्यवधी वर्षांपूर्वीचा गाळ. प्रचंड दाबाखाली त्यातले कण एकाच दिशेने आडवे झाले, म्हणून त्याच दिशेने पापुद्रे निघतात. आपला काळा दगड लाव्ह्याचा, त्याला पापुद्रे नाहीत. कौलांच्या मापांना तिकडे बायकांच्या पदव्या आहेत: डचेस, काउंटेस, लेडी. सगळ्यात लहान नाही, पण छोटी ती लेडी, सोळा इंच बाय आठ इंच.

तिथलं पाणचाक मात्र बघाच. पन्नास फूट व्यासाचं, लोखंडी. पन्नास फूट, म्हणजे चार-पाच मजली इमारत. डोंगरावरून नळाने पाणी आणून त्यावर सोडायचे आणि सगळा कारखाना त्यावर चालायचा, १९२५पर्यंत. आणि खाणकामगारांच्या घरांची एक चाळ आहे, दुसऱ्या गावाहून दगड न् दगड उचलून इथे उभी केलेली. एक घर १८६१चं, एक १९०१चं, एक १९६९चं. १९०१चं घर संपातल्या कामगाराचं. शेजारच्या पेन्रिन खाणीतला तो झगडा १९००पासून १९०३पर्यंत, तीन वर्षं चालला. त्या काळात लोकांनी खिडकीत कागद लावले होते: या घरात गद्दार नाही. तो कागद वाचल्यावर मी बराच वेळ तिथून हलले नाही. गिरणगावात वाढलेल्या माणसाला उपाशी संप काय असतो हे कळतं.

आणि धूळ. दगडाच्या धुळीने त्या माणसांची फुप्फुसं गेली. भरपाईचा कायदा झाला १९७९ साली. खाण बंद पडून दहा वर्षं झाल्यावर! आपल्याकडे खडी क्रशरवर तोंडाला नुसतं फडकं बांधून बायका काम करतात, ते बघितलं की मला हे आठवतं. फडक्याने ती धूळ अडत नाही, श्रोतेहो. बारीक धूळ अडत नाही. पाणी मारूनच दगड फोडायला हवा आणि मालकाने मास्क द्यायला हवा.

खाण बंद पडल्यापासून संग्रहालय उघडेपर्यंतच्या तीन वर्षांचं म्हणाले होते मी. खाण बंद पडल्यावर तिथलं सामान लिलावात जाणार होतं. खाणीच्याच मुख्य इंजिनिअरने ते वाचवायला धडपड केली आणि तोच पुढे संग्रहालयाचा पहिला व्यवस्थापक झाला. खाणीतल्याच माणसांनी तिथे लोकांना दगड फोडून दाखवला. हत्यार राहिलं आणि ते धरणारा हातही राहिला. २०२१ साली तो सगळा परिसर जागतिक वारसा यादीत गेला, पण मूळ काम झालं ते त्या तीन वर्षांत.

आपल्या सोलापूरची जुनी मिल सुरू झाली १८७७ साली. लॅनबेरिसच्या कारखान्यानंतर फक्त सात वर्षांनी. नंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. भोंग्यावर अख्खं सोलापूर उठायचं, भोंग्यावर कुकर लागायचा. वडिलांचा धोटा, मागावर आडवा धागा नेणारा, आमच्या घरी खुंटीला होता, शिसवी, टोकांना लोखंड. घर बदललं तेव्हा रद्दीबरोबर भंगारात गेला. मीच दिला. आज तो पुन्हा मिळावा म्हणून मी काहीही देईन. तुमच्या माळ्यावर धोटा असेल, मिलचा बिल्ला असेल, पाळीचं कार्ड असेल, आजोबांची सुतकी असेल, तर देऊ नका. आणि घरात मागावर बसलेलं, खाणीवर राबलेलं कुणी असेल, तर ती वस्तू या रविवारी त्यांच्या हातात द्या आणि शेजारी बसा. मोबाइलवर आवाज टिपून ठेवा.

निघताना त्या कारागिराने आईला एक पाटी दिली. स्वतः कडा छाटून, गोल करून. देण्याआधी तिच्या कानाजवळ धरून वाजवली. ठण. आईने मान हलवली, मगच घेतली.

ती आता आमच्या माठावर झाकण म्हणून आहे. रोज सकाळी पाणी भरताना आई ती उचलते, आणि ठेवायच्या आधी एकदा टिचकी मारते.

नमस्कार.