दुखणं थांबलं, पण गुडघा तयार आहे का?

[पार्क मैदान, सकाळ. खो-खोचा सराव.]

खो-खोत पळणाऱ्याला सरळ धावायला मिळतात ती चार-दोन पावलंच. बसलेल्या गड्यांमधून नागमोडी जायचं, हुलकावणी द्यायची, खांबापाशी वेग न मोडता गर्रकन फिरायचं. प्रत्येक वळणाला पाऊल जमिनीत रोवलेलं असतं आणि कंबर पुढं वळलेली असते. मधला सगळा पीळ गुडघा सोसतो.

सोलापूर जिल्ह्यात हा खेळ मुरलाय. वेळापूरपासून शहरातल्या शाळांपर्यंत मुलंमुली मातीत खो-खो शिकली. आता मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, तोही मॅटवर, आणि भारताच्या पुरुष व महिला, दोन्ही संघांनी तो जिंकला. पण मातीत पाय जरासा घसरतो आणि पीळ सुटतो. मॅटवर बूट पकडून बसतो. वेग मिळतो, त्याची किंमत गुडघा मोजतो.

[फिजिओथेरपी केंद्र.]

ही अकरावीतली खेळाडू. खांबाला वळसा घेताना गुडघ्यात कट् असा आवाज झाला. संध्याकाळपर्यंत गुडघा टरारून सुजला. घरी आंबेहळदीचा लेप लागला, कुणी चोळूनही दिलं. ताज्या सुजेवर असं जोरात चोळू नये, त्यानं आतली इजा वाढू शकते. सूज उतरली, पण वळताना गुडघा निसटायला लागला. एमआरआय काढल्यावर कळलं, एसीएल तुटलंय. नडगीचं हाड पुढं सरकू न देणारा हा गुडघ्याच्या आतला अस्थिबंध. मुलींमध्ये ही इजा मुलांपेक्षा बरीच जास्त दिसते.

शस्त्रक्रियेत तिच्याच मांडीमागच्या स्नायूची शीर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, घेऊन नवा बंध बसवला. त्यानंतरच्या पहिल्या व्यायामाचं साधन म्हणजे आपला सोलापुरी टॉवेल. गुंडाळी करून गुडघ्याखाली ठेवायची, मांडी आवळून ती दाबायची, पाच मोजून सोडायची. एवढ्याशा व्यायामाला घाम फुटतो, कारण गुडघ्यात सूज असली की मांडीच्या पुढच्या स्नायूला पोचणारा हुकूमच मंदावतो. स्नायू दिवसागणिक सुकतो. त्याला पुन्हा जागं करणं आणि गुडघा पूर्ण सरळ करणं, सुरुवातीची सगळी मेहनत यासाठीच.

तिसरा महिना मात्र फसवा असतो. सूज नाही, जिना चढता येतो. आई विचारते, "मॅडम, आता दुखत नाही की ओ तिला. खेळू द्यायचं का?"

प्रश्न अगदी रास्त आहे. पण बसवलेली शीर लगेच अस्थिबंध होत नाही. शरीर तिला आधी पोखरतं, मग नव्यानं विणतं, आणि त्या पहिल्या काही महिन्यांत ती बसवली त्या दिवसापेक्षाही कमजोर असते. दुखणं संपलेलं असतं, बंध मात्र अर्धाकच्चा असतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या एका अभ्यासात दिसलं, की नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणं जितकं लांबवलं, तितका दर महिन्यामागे पुन्हा इजा होण्याचा धोका जवळपास निम्म्यानं घटला. हा आकडा प्रत्येक पालकाला आणि प्रशिक्षकाला माहीत असायलाच हवा.

म्हणून भार हळूहळू वाढवायचा. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतला उंच, जड नंदीध्वज कुणी सरावाशिवाय पेलायला जात नाही, तसंच हे. आधी दोन पायांवर बैठका, मग एका पायावर. मग उडी, मग धाव, मग वळण. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला, तर एक पायरी मागं.

[एका पायावर उडी. बाजूला मोजपट्टी.]

नवव्या महिन्यानंतरही नुसतं कॅलेंडर बघून चालत नाही. दुखऱ्या पायाची ताकद आणि उडी चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के हवी. इतकंही पुरत नाही, कारण उडीचं अंतर तेवढंच भरतं आणि तरी जमिनीवर टेकताना गुडघा आत झुकतो. बऱ्याचदा यात खुब्याच्या बाजूचे स्नायू कमी पडत असतात आणि अंग सावरायची सवय चुकलेली असते. म्हणून फिजिओ उडीचं समोरून चित्रण करून तिचं तिलाच दाखवते. सांगून कळत नाही ते पाहून कळतं.

मैदानावर परतणंही टप्प्यानं. आधी मोकळ्या मैदानात ठरलेले वळसे, मग एकाच पाठलाग करणाऱ्यासमोर पळणं, मग पूर्ण डाव.

आणि ज्यांचे गुडघे आज धड आहेत, त्यांचं काय? तोल, उडी, योग्य रीतीनं टेकणं आणि मांडीमागच्या स्नायूंची ताकद, यावर बेतलेली वीसेक मिनिटांची तयारी आठवड्यातून दोन-तीनदा नियमानं केली, तर एसीएलच्या इजा निम्म्याच्या आसपास कमी होतात. यंत्रं लागत नाहीत. प्रशिक्षकाच्या हातातला मोबाइल पुरतो. मुलीला फुटभर उंचीवरून खाली उडी मारायला सांगा, समोरून चित्रण करा, आणि गुडघे पावलांच्या रेषेत राहतात का ते बघा.