अंगठ्याला आठवणारी सायकल

श्रोतेहो, नमस्कार.

हरवलेल्या सायकलीबद्दल विचारलं की माणूस आधी रंग सांगतो, मग नाव सांगतो. आपल्याकडे ते नाव बहुतेक वेळा ‘रेंजर’ असतं. नव्वदच्या दशकात जाड टायर आणि सरळ हँडल दिसलं की आपण त्या सायकलीला रेंजरच म्हणायचो, मग ती कुठल्या का कंपनीची असेना. म्हणून ३०-४० वर्षांपूर्वी गेलेली माउंटन बाइक कोणती होती, हे आठवणीवरून शोधायचं असेल तर रंग आणि नाव जरा बाजूला ठेवा. हाताला विचारा. गिअर टाकताना अंगठा कुठे जायचा? बोटं कशात अडकायची? रंग विचारू नका, हाताला विचारा.

मी जुन्या सायकली दुरुस्त करतो. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी साताऱ्याच्या एक ताई दुकानात आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, शाळेत शिकवणाऱ्या. बरोबर धाकटा भाऊ. पर्समधून त्यांनी पाकिटात जपलेला एक कृष्णधवल फोटो काढला. वाड्याचं अंगण, कडेला उभे मामा आणि मध्ये सायकल. फोटो दसऱ्याचा, म्हणजे सायकलीला झेंडूची माळ आलीच. ती हँडलवरून अशी सोडलेली की पुढच्या नळीवर जिथे कंपनीचा बिल्ला असतो, नेमकी ती जागा झाकलेली.

मामा व्यापारी जहाजावर नोकरीला होते. १९८६ साली कॅलिफोर्नियाच्या एका बंदरात त्यांनी ही सायकल जुनी म्हणून विकत घेतली, बोटीवरून मुंबईला आणली आणि मुंबईहून एसटीच्या टपावर टाकून साताऱ्याला. घरात मोठी माणसं म्हणत होती, मुलीच्या जातीला कशाला सायकल. मामांनी कोणाचं ऐकलं नाही. ताई तेव्हा १३ वर्षांच्या. सुट्टीवर आले की मामा त्यांना यवतेश्वरच्या घाटात घेऊन जायचे. १९९४ मध्ये वाडा पाडला, त्या गडबडीत सायकल कुणी नेली की भंगारात गेली, ते कळलंच नाही. मामाही आता नाहीत. ताईंना एवढंच हवं होतं, ती सायकल कोणती होती?

मी विचारायच्या आधीच ताई म्हणाल्या, “लाल होती.” भाऊ म्हणाला, “निळी होती गं!” आणि दोघांची जुंपली. फोटोत पाहावं तर सायकल करडी.

मग मी ताईंच्या हातात एक साधी सरळ नळी दिली. म्हटलं, डोळे मिटा. यवतेश्वरचा चढ सुरू झालाय, गिअर बदला.

श्रोतेहो, त्यांचे दोन्ही अंगठे नळीच्या वर गेले. खाली नाही, वर. मी विचारलं, “टक् असा आवाज यायचा?” त्या म्हणाल्या, “छे! चेन करकरायची. मग अंगठ्यानं किंचित पुढे, किंचित मागे करत तिला गप्प करायचं. मामा म्हणायचे, चेन गप्प झाली की गिअर बसला.”

या एका वाक्यानं निम्मं काम झालं. टक् करून आपोआप जागेवर बसणारे गिअर शिमानो कंपनीनं आधी शर्यतीच्या सायकलींत आणले, आणि डोंगरी सायकलींत ते १९८७ च्या सुमाराला आले. १९९० च्या आसपास गिअरचे खटके हँडलच्या खाली गेले. म्हणजे अंगठा वर आणि आवाज नाही, तर सायकल त्याच्या आधीची. पुन्हा सांगतो, अंगठा वर आणि टक् नाही, म्हणजे साधारण ८७ च्या आधीची.

ताईंचे डोळे अजून मिटलेलेच होते. डाव्या हाताची दोन बोटं नळीच्या पुढे हवेत गेली आणि तिथेच वळली, कशात तरी अडकवल्यासारखी. मी विचारलं, “हे काय?” त्या म्हणाल्या, “इथं त्रिकोण होता ना. दमले की त्यात बोटं घालून बसायची.”

माझ्या अंगावर काटा आला. सुरुवातीच्या बऱ्याच माउंटन बाइकना हँडल आणि त्याची मान एकाच तुकड्यात असायची. मानेतून दोन नळ्या फाकून वर जायच्या आणि हँडलला जोडल्या जायच्या, मधे मोकळा त्रिकोण राहायचा. त्या हँडलला बुलमूस म्हणत. कॅलिफोर्नियात सायकली बांधणारे टॉम रिची, त्यांच्या सायकलींना तसं हँडल असे. १९८१ साली स्पेशलाइज्ड कंपनीनं स्टम्पजंपर नावाची सायकल काढली, जपानमध्ये बनवून घेतलेली, तिलाही तसंच. मग जपानच्या कारखान्यांतून वेगवेगळ्या नावांनी अशा कितीतरी सायकली अमेरिकेत गेल्या. पुढे काही वर्षांत ते हँडल मागे पडलं.

इतका वेळ गप्प असलेला भाऊ मग म्हणाला, “सीटखाली एक स्प्रिंग होती. उतार आला की मामा बसल्या बसल्या खटका सोडायचे, सीट खाली जायची. उतार संपला की जरा उठायचे, सीट आपोआप वर.”

त्या स्प्रिंगचं नाव हाइट-राइट. ती काढली जो ब्रीझ आणि त्यांच्या एका सहकाऱ्यानं, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. हे जो ब्रीझ म्हणजे ज्यांनी १९७७ मध्ये मुद्दाम डोंगरासाठी सायकलीची फ्रेम बांधली, तेच. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटी आहे. तिथली पोरं जाड टायरच्या जुन्यापान्या सायकली डोंगरावर चढवायची आणि कच्च्या रस्त्यानं खाली सोडायची. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, पायडल उलटं दाबलं की लागणारा. एका उतारात हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा, आणि खाली आल्यावर नवं ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या रस्त्याचं नावच पडलं रीपॅक, पुन्हा भरा. १९७६ पासून तिथे शर्यती होऊ लागल्या. गिअरची, चांगल्या ब्रेकची डोंगरी सायकल त्या उतारावरून आली, आणि तिथली एक स्प्रिंग साताऱ्याच्या वाड्यात येऊन बसली होती.

इथे मला एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या सायकलींवर नोटीस लागते, ‘१५ दिवसांत हलवा’. सोळाव्या दिवशी भंगारवाला येतो आणि त्या किलोवर जातात. हे वाईट आहे, फार वाईट आहे. आणि गंज दिसला की रुपेरी रंगाचा हात मारायचा, हेही नको. त्या रंगाखाली सायकलीची सगळी ओळख पुरली जाते. आणि मुलांना २१ गिअर आहेत म्हणून सायकल घेऊन देणाऱ्या पालकांनाही सांगतो, गिअर मोजू नका, ब्रेक बघा.

असो. वेळ थोडा आहे. तुमची सायकल शोधायची असेल तर आणखी दोन-तीन खुणा. पुढचं चाक धरणारा चिमटा दाबल्यावर खाली-वर व्हायचा का? तसे चिमटे १९९० च्या आसपास बाजारात आले. ब्रेकच्या दोन लांब उभ्या पट्ट्या आणि वायर एका बाजूने आडवी? मग १९९६ किंवा नंतरची. आणि घरात सायकल असेल तर आजच ती उलटी करा. दोन्ही पायडलना जोडणारा धुरा ज्या आडव्या नळीतून जातो, तिच्या खालच्या बाजूला बहुतेक वेळा नंबर ठोकलेला असतो. तो वहीत लिहून ठेवा. बिल हरवतं, स्टिकर निघतं. नंबर लिहून ठेवा.

ताईंच्या सायकलीचं नाव मी सांगू शकलो नाही. १९८२ ते ८६ मधली, बहुधा जपानमध्ये बनलेली, कॅलिफोर्नियात कुणा दर्दी माणसानं वापरलेली आणि स्प्रिंग बसवलेली, इथपर्यंत पोचलो. बिल्ल्यावर माळ आहे, त्यापुढे अंदाज करणं मला पटेना. तसं ताईंना स्पष्ट सांगितलं.

आतल्या खोलीत माझ्याकडे तसं एक जुनं हँडल आहे, नुसतंच, सायकलीविना. ते आणून त्यांच्यासमोर धरलं. ताईंनी त्रिकोणात दोन बोटं घातली आणि कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. मग भावाकडे वळून म्हणाल्या, “अरे, मामा इथंच फडकं बांधायचे. पिवळं. माझा घाम पुसायला.”