आधी अंधार मोजा

(ठाण्यात पदविकेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

खाडीच्या पाण्याचा गढूळपणा मोजायचं यंत्र तुम्ही बनवताय, याचा मला मनापासून आनंद आहे. बाटलीत एका बाजूने एलईडीचा उजेड सोडायचा, काटकोनात बसवलेल्या फोटोडायोडने (उजेड पडला की करंट देणाऱ्या डायोडने) विखुरलेला उजेड टिपायचा आणि ऑप-अँपने, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या आयसीने, तो वाढवायचा. कल्पना चोख आहे. पण तक्रार बहुतेकांची एकच: आउटपुट ३.५ व्होल्टला चिकटलंय, पाणी बदललं तरी हलत नाही. मग ठाण्याहून गाडी पकडून मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड, गाठायचा, नवी आयसी आणायची. तीही तशीच वागते, कारण जुनी बिघडलेलीच नव्हती.

एलएम३५८ या ऑप-अँपला ५ व्होल्ट दिले तर त्याचं आउटपुट त्याहून साधारण दीड व्होल्ट खालीच थांबतं. म्हणजे ३.५ हा आकडा पाण्याचा नाही, सॅच्युरेशनचा, म्हणजे आउटपुट कमाल मर्यादेला अडकल्याचा आहे. आता गणित करा. बीपीडब्ल्यू३४ हा फोटोडायोड १००० लक्सला सुमारे ७० मायक्रोअँपिअर देतो. हा आकडा टंगस्टन दिव्याखालचा. खोलीतल्या एलईडीच्या उजेडात इन्फ्रारेड जवळजवळ नसतं, म्हणून बराच कमी मिळेल. १० धरा. फीडबॅकला, म्हणजे आउटपुट आणि इनपुट यांच्यामध्ये, १ मेगाओहमचा रेझिस्टर असेल तर १० व्होल्ट व्हायला हवेत, आणि सप्लाय ५चा! १०० किलोओहम लावा, १ व्होल्ट दिसेल.

पण त्याआधी अंधार मोजा. फोटोडायोडवर बोट ठेवून नव्हे. बोटातून लाल आणि इन्फ्रारेड उजेड आरपार जातो आणि सिलिकॉनला तोच जास्त दिसतो. पूर्ण जोडणीवर पत्र्याचा डबा उपडा घाला. आउटपुट शून्याजवळ आलं, तर अँप्लिफायर शाबूत आहे आणि बाहेरचा उजेड आत शिरतोय. डबा काढल्यावरही शून्यच राहिलं, तर डायोड उलटा लागलाय का बघा: कॅथोड इन्व्हर्टिंग (वजा खुणेच्या) पिनला, अॅनोड ग्राउंडला.

स्वच्छ पाण्याचा नमुना मात्र खरी परीक्षा घेतो. तिथे विखुरलेला उजेड अगदी थोडा, आणि एलएम३५८च्या इनपुटमधून स्वतःचाच साधारण २० ते ४५ नॅनोअँपिअर करंट बाहेर पडतो. तेवढा सिग्नल तो गिळून टाकतो. आउटपुट शून्य दिसतं आणि आपण म्हणतो, पाणी निर्मळ आहे. हे मला फार खटकतं, कारण खाडीबद्दल चुकीचं बोलणं आपल्या हातून होता कामा नये. इथे एमसीपी६००२ हा ऑप-अँप वापरा. त्याचा हा करंट पिकोअँपिअरच्या घरात असतो.

आकडा थरथरत असेल तर खोलीतले दिवे बंद करून पाहा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिव्यांची लुकलुक १०० हर्ट्झची. मल्टिमीटर डीसीवर सरासरी दाखवतो, म्हणून ती लपून राहते. एसीवर फिरवलात की उघडी पडते. १०० किलोओहमला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावलात तर ती सहापट दबते. पाण्याचं वाचन सावकाश चालतं, तेव्हा हा उपाय परवडतो. वेगवान सिग्नल हवा असेल तर तो कपॅसिटर काढा, पण जागा रिकामी सोडू नका: तिथे १० ते २२ पिकोफॅरड ठेवा, नाहीतर डायोडच्या स्वतःच्या ७० पिकोफॅरडमुळे अँप्लिफायर घुमायला, म्हणजे आपोआप दोलायला लागतो.