तेंपुराचं आवरण: पीठ थोडं, हिशेब तेलाचा

तेंपुरा म्हणजे पातळ पिठात बुडवून तळलेल्या भाज्या किंवा कोळंबी, जपानी भजीच म्हणा. त्याच्या आवरणात पौष्टिक काय असतं? खरं उत्तर द्यायचं तर फारसं काही नाही. आपल्या भज्यांच्या बेसनात 100 ग्रॅममागे वीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. तेंपुराला लागतं कमी प्रथिनांचं गव्हाचं पीठ, ज्याला जपानमध्ये हाकुरिकिको म्हणतात. त्यात ती जेमतेम 8 ग्रॅम असतात.

चौघांपुरतं प्रमाण घेऊ: 100 ग्रॅम पीठ, एक अंडं, 150 मिली बर्फगार पाणी. पिठातून साडेतीनशेच्या आसपास कॅलरी येतात आणि पाऊणशे ग्रॅम कर्बोदकं. कोंडा गेल्यामुळे तंतू दोन-तीन ग्रॅमच. अंडं 70 कॅलरी आणि 6 ग्रॅम प्रथिनं देतं, शिवाय बलकातून कोलीन, ब12 आणि थोडं ड जीवनसत्त्व. गव्हाच्या प्रथिनात लायसीन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी पडतं, ती उणीव अंडं काही अंशी भरून काढतं. सगळं मिळून माणशी शंभरेक कॅलरी आणि साडेतीन ग्रॅम प्रथिनं. त्यातलंही थोडं पीठ भांड्याला चिकटूनच राहतं.

आता तेलाकडे या. 100 ग्रॅम भाजी किंवा कोळंबीमागे तेंपुरा साधारण 15 ते 25 ग्रॅम तेल पितो. ग्रॅमला 9 कॅलरी धरल्या तर हे 135 ते 225 होतात, म्हणजे पिठापेक्षा तेलच जड. बारीक चिरलेल्या भाज्या एकत्र कालवून केलेल्या तेंपुरात, म्हणजे काकिआगेत, पृष्ठभाग जास्त, त्यामुळे तेलही जास्त. म्हणून मैद्याच्या जागी कोणतं पीठ घ्यावं यावर डोकं शिणवण्याआधी तेल आत का शिरतं ते पाहायला हवं.

तळताना आवरणातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं आणि मागे पोकळ्या राहतात. वाफेचा जोर असेपर्यंत तेलाला आत वाव नसतो. तुकडा बाहेर काढला की तो निवतो, आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. बरंचसं तेल असं कढईबाहेर शिरतं. म्हणून काढताक्षणी झटकून जाळीवर उभं ठेवायचं. ताटात एकावर एक रचलं की वाफ कोंडते, आवरण मऊ पडतं आणि तेलही निथळत नाही.

दुसरं कारण ग्लुटेन, म्हणजे पीठ भिजवल्यावर गव्हाच्या प्रथिनांची होणारी चिवट जाळी. आपला मैदा 10-11 टक्के प्रथिनांचा असतो. त्यातला 20 ग्रॅम काढून तेवढाच कॉर्नफ्लोअर घाला, म्हणजे पांढरा स्टार्च. पिवळं मक्याचं पीठ नव्हे. प्रथिनं आणखी घटतात, पण कुरकुरीतपणा त्यातूनच येतो. पाणी बर्फगार हवं. पीठ चॉपस्टिकने दहा-बारा वेळाच हलवायचं, गुठळ्या राहिल्या तर राहू द्या. फेटत बसलात तर ग्लुटेनची जाळी घट्ट होते, पाणी धरून ठेवते आणि आवरण जाड, चामट होतं. कालवून ठेवलेलं पीठही असंच बिघडतं. कालवायचं ते तळायच्या क्षणी.

भाज्यांना 160 ते 170 अंश, कोळंबीला 180. पिठाचा थेंब तेलात निम्म्यापर्यंत बुडून लगेच वर आला, तर तेल 170-180 च्या घरात आहे. तळाला टेकून हळू वर आला तर कमी, वरच पसरला तर फार तापलंय. कढईचा निम्मा पृष्ठभाग रिकामा ठेवा, नाहीतर तापमान कोसळतं.

मीठ पिठात नसतंच, ते असतं तेंत्सुयुत, म्हणजे सोबतच्या पातळ सॉसमध्ये. चार भाग दाशी (जपानी सार), एक सोया सॉस, एक मिरिन (तांदळाची गोड वाइन). मोठा चमचाभर सोया सॉसमध्ये अडीच ग्रॅम मीठ असतं, म्हणजे दिवसाच्या 5 ग्रॅमच्या मर्यादेचा निम्मा वाटा. तुकडा टेकवायचा, बुडवायचा नाही. तयार मिश्रणात बेकिंग पावडर असेल, तर सोडियमची भर पिठातूनही पडते.

कढईत तरंगणारा चुरा म्हणजे तेनकासू: स्टार्च आणि तेल, बाकी जवळपास काही नाही. उदोनवर (जाड जपानी नूडल्सवर) चमचाभर घातलात तर तो तेलाच्या हिशेबात धरा. आणि गरम चुरा ढिगाने डब्यात भरू नका. आत उष्णता साठून तो आपोआप पेट घेऊ शकतो. ताटात पसरून पूर्ण निवू द्या.